पत्रिकेवरचं माझं नाव काढावं, ही विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि इतरांना वाचताना आपापल्या ओळखीची एखादी संस्था आठवली तर तेही बरंच.

गेल्या महिन्यात आपला शिपाई निमंत्रणपत्रिका देऊन गेला. जाड कागद, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात समई. 'सुसंस्कार वर्गाचा शुभारंभ'. खाली 'मार्गदर्शन' या शब्दापुढे माझं नाव, आणि नावाआधी 'आदर्श शिक्षिका'. मला कुणी विचारलं नव्हतं. पत्रिकेला उद्दिष्टं आणि नियमावलीचा एक कागद टाचलेला होता. तो मी दारातच उभ्याउभ्या वाचला आणि शिपायाला पाणी विचारायचंही राहून गेलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, "बाई, आता छापून झालंय." त्यानंतर दोन पत्रं पाठवली. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे तिसरं पत्र चारचौघांत लिहिते आहे.

त्या कागदावरचं पहिलं उद्दिष्ट असं: 'असंस्कृत वातावरणातून आलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना सुसंस्कृत करून मुख्य प्रवाहात आणणे.'

हे वाक्य मला जराही परकं वाटलं नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. सत्तावीस वर्षं मी आपल्या पेठ रोडच्या वसतिगृह शाळेत मराठी शिकवलं. संस्थेचं मीठ खाल्लं आहे, आजही माझी पेन्शन त्याच नोकरीची आहे. आपण आता जे छापून काढलंत ते काम मी कुठल्याही नियमावलीशिवाय करून बसले आहे. ते कसं होतं, ते आधी सांगते.

नोकरीतला दुसरा की तिसरा जून होता. पाऊस लागलेला. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाच्या हातात फडक्यात बांधलेली नागलीची भाकर, अंगात बापाचा वाटावा असा सदरा, आणि पायांखाली फरशीवर पाण्याचं थारोळं. माझ्यासमोर दाखल-खारीज रजिस्टर उघडं. मी नाव विचारलं. बापाने सांगितलं. मुलगा बुधवारी जन्मला म्हणून वारावरून ठेवलेलं नाव. तिकडे तशी नावं घरोघरी असतात. मी म्हणाले, "हे कसलं नाव? काहीतरी चांगलं लिहू या." आणि माझ्या मावसभावाचं नाव लिहून टाकलं. बाप काही बोलला नाही. बाई लिहितात म्हणजे बरोबरच असणार. अंगठा उठवल्यावर शाई त्याने सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसली, बाहेरून दिसू नये म्हणून. त्या मुलाला नव्या नावाने हाक मारली की तो वळून बघायचाच नाही. पहिला महिनाभर मी त्याच्या नावापुढे 'लक्ष नसते' असा शेरा देत होते.

अशी किती नावं बदलली ते मी मोजलं नाही. पुढे ही पोरं मोठी झाली आणि जात पडताळणीला उभी राहिली, तेव्हा गावच्या जन्मनोंदीत एक नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. मग प्रतिज्ञापत्रं, हेलपाटे, एजंटांचे पैसे. हौसेने लिहिलं मी, आणि निस्तरलं त्यांनी.

आणखी एक. वर्गात बोलीत बोलणाऱ्याच्या गळ्यात मी पुठ्ठ्याची पाटी अडकवत असे: 'मी अशुद्ध बोललो'. ती उतरवायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी बोलीत बोलताना पकडून द्यायचं. पोरं शुद्ध मराठी किती शिकली देव जाणे, एकमेकांवर पाळत ठेवायला मात्र चांगली शिकली. ही युक्ती माझ्या डोक्यातून निघाली याचा मला केवढा अभिमान होता! निवृत्तीनंतर वाचनात आलं की १९व्या शतकात वेल्समधल्या शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात असाच लाकडाचा तुकडा अडकवत. त्याला 'वेल्श नॉट' म्हणत, आणि तोही असाच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात फिरायचा. मला तेव्हा वेल्स नकाशावर दाखवता आलं नसतं. पण दुसऱ्याला सुधारायचंच म्हणून कंबर कसली की या गोष्टी कुणी न शिकवता सुचतात, असं दिसतं. 'आदर्श शिक्षिका' पुरस्कार मला याच काळात मिळाला.

मी भाषेची शिक्षिका, तेव्हा आपल्या वाक्यातले शब्द जरा तपासते. सवय आहे, राग मानू नये.

'सभ्य' म्हणजे मुळात सभेत बसण्याजोगा. 'नागर' म्हणजे नगरातला, 'ग्राम्य' गावातला, 'रानटी' रानातला. या शब्दांत माणसाच्या वागण्याबद्दल चकार अक्षर नाही, नुसता राहण्याचा पत्ता आहे. समानार्थी शब्दांच्या तासाला मी फळ्यावर 'रानटी = असभ्य' असं लिहिलं तेव्हा पेठकडची सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, रानात राहतो तो रानटी, गावात राहतो तो गावठी. दोन्ही वाईटच. मग चांगलं कोण?" वर्ग हसला. मी तिला खाली बस म्हणाले. (आता गावठी कोथिंबीर, गावठी तूप म्हटलं की भाव चढतो, पण ते असो.)

'म्लेच्छ' घ्या. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे 'अव्यक्ते शब्दे', म्हणजे न कळणारं बोलणं. ग्रीकांचा 'बार्बरोस' तसाच. ज्यांचं बोलणं आपल्याला नुसतं बर-बर ऐकू येतं, ते. कमी पडला आपला कान आणि दोष लावला समोरच्याच्या जिभेला! 'सिव्हिलायझेशन' हा इंग्रजी-फ्रेंच शब्द तर वाटतो तितका जुनाही नाही. छापील लिखाणात तो आजच्या अर्थाच्या जवळपास पहिल्यांदा दिसतो तो १७५६ मध्ये, फ्रान्समध्ये थोरल्या मिराबोच्या पुस्तकात. १७७२ मध्ये मित्र बॉसवेलने सुचवूनही इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनने तो आपल्या कोशात घेतला नाही. 'सिव्हिलिटी' आहे तेवढं पुरे, असं त्याचं मत. कोशाच्या दारातून परत पाठवलेल्या या शब्दाने पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत अर्ध्या जगावर राज्य केलं.

'सुसंस्कृत असणे' आणि 'सुसंस्कृत करणे' यांत व्याकरणाच्या दृष्टीने फरक आहे. 'करणे' आलं की कर्ता आला आणि कर्म आलं. वाक्यात कर्माला कुणी काही विचारत नाही.

याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. शरणपूर रोडवरून आपण सगळेच रोज जातो-येतो. ते शरणपूर १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. रेव्हरंड प्राइस तिथले चालक होते. समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची जहाजं पकडली की त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली बरीच नाशिकला शरणपूरला येत. जहाजाच्या तळाशी कोंबून विकायला नेलेली पोरं ती. ती वाचली, हे पुण्याचं काम झालं, त्यात वाद नाही. त्यांना लिहावाचायला शिकवलं, हाताला कसब दिलं. आणि नवी नावं दिली.

१८६५ मध्ये आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारा खुद्द लिव्हिंगस्टन इथे येऊन गेला आणि आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं घेऊन गेला. आफ्रिकेच्या शोधांच्या इतिहासात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथल्या मातीत पुरताना प्रार्थना वाचली ती इथेच शिकलेल्या आणि नंतर त्या मोहिमेत दाखल झालेल्या जेकब वेनराइटने. शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. केवढा प्रवास! पुढे मोम्बासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची वसाहत, फ्रीअर टाउन, वसली तेव्हा नाशिकहून कितीतरी जण तिकडे गेले. जेकब हा याओ जमातीचा. जग त्याला ओळखतं ते मिळालेल्या नावानेच. ही हकीकत वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते दाखल-खारीज रजिस्टर उघडं होतं.

शरणपूरच्या मिशनऱ्यांनी निदान जीव वाचवले होते. मी कुणाचा जीव वाचवला होता?

मेकॉलेला आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात शिव्या घालतो. १८३५ च्या त्याच्या टिपणात रक्ताने आणि रंगाने हिंदी पण रुची, मतं, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा वर्ग तयार करायचा बेत होता. अध्यक्षमहाशय, त्या वाक्यात 'हिंदी'च्या जागी 'आदिवासी' आणि 'इंग्रज'च्या जागी 'नाशिककर' घालून एकदा मोठ्याने वाचा, आणि मग आपलं पहिलं उद्दिष्ट वाचा.

जॉन स्टुअर्ट मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा केवढा मोठा वकील. पस्तीस वर्षं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. १८५९ मध्ये त्याने लिहून ठेवलं की रानटी लोकांवर हुकूमशाही चालवायला हरकत नाही, त्यांची सुधारणा हा हेतू असला म्हणजे झालं. १८८५ मध्ये फ्रान्सचा माजी पंतप्रधान जूल फेरी फ्रेंच संसदेत म्हणाला की वरच्या वंशांना खालच्या वंशांवर हक्क आहे, कारण त्यांना सुसंस्कृत करणं हे वरच्यांचं कर्तव्य आहे. कर्तव्याच्या पदराखाली हक्क.

अमेरिकेत १८७९ मध्ये कार्लाइल इथे मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाली. आल्याआल्या केस कापायचे, कपडे बदलायचे. फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली. मुलाच्या हातात छडी द्यायची आणि त्याने एका नावाला ती लावायची. तेव्हापासून तो तो. स्वतःला वाचताही येत नाही ते नाव! शाळेचा संस्थापक प्रॅट १८९२ मध्ये म्हणाला, आतला इंडियन (म्हणजे तिथला मूळ रहिवासी) मारा आणि माणूस वाचवा. कॅनडात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली आणि २०१५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. त्या शाळांत क्रूर माणसं होतीच. पण माझ्यासारख्या, सणाला पोरांना हाताने गोड वाढणाऱ्या बायकाही असणार, आणि मला भीती वाटते ती त्यांचीच.

आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना सुधारण्यासाठी सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत, रोजची हजेरी. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला. त्या समाजांतल्या माणसाला आजही एसटी स्टँडवर पोलीस आधी हटकतो.

आता आपण काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. बाई, मग काय पोरांना तसंच सोडून द्यायचं? डॉ. आंबेडकरांनीसुद्धा आदिवासींना सुसंस्कृत करा असंच म्हटलं होतं ना?

म्हटलं होतं. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि परिषदच रद्द झाल्यामुळे न झालेल्या भाषणात तो भाग आहे. मी तो पुष्कळदा वाचला आहे. हजारो वर्षांच्या संस्कृतीचा डौल मिरवणाऱ्या समाजाच्या मधोमध इतकी माणसं अशा अवस्थेत राहतात आणि त्याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असा जाब त्यांनी विचारला आहे. तो विचारला आहे आपल्याला. आणि सुसंस्कृत करणं म्हणजे काय, तेही तिथेच सांगितलं आहे: त्यांना आपलं मानणं, त्यांच्यात जाऊन राहणं, बंधुभाव जोपासणं, थोडक्यात त्यांच्यावर प्रेम करणं. आणि जात सांभाळण्यात ज्याचा जन्म जातो त्याला हे जमायचं कसं, असा पुढचा प्रश्न. आपल्या नियमावलीत यातलं काय आहे ते मी दोनदा शोधलं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहींसमोर दरवाजे लावून घेणारे लोक त्या काळच्या नाशिकचे सुसंस्कृत लोकच होते, हेही त्याबरोबर आठवलं.

पाड्यावर सगळं आबादीआबाद आहे, असं मी म्हणत नाही. तापाने फणफणलेली पोर दवाखान्याऐवजी भगताकडे नेली आणि ती गेली, हे मी पाहिलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेलेली आठवीतली मुलगी मंगळसूत्र घालून परतली, हेही पाहिलं आहे. औषध हवं, गणित हवं, इंग्रजी तर हवंच हवं. पण तापाची गोळी द्यायला पोराचं नाव बदलावं लागत नाही. आणि तुलनाच करायची तर माझ्या लग्नात वडिलांनी हुंडा दिला, त्यासाठी सिन्नरकडची एक एकर जमीन गेली. माझ्या विद्यार्थिनींच्या घरी नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. देज ही काही फार थोर चाल नव्हे. पण त्या पाड्यांवर सुनेला रॉकेल ओतून जाळल्याचं सत्तावीस वर्षांत माझ्या कानावर आलं नाही. आमच्या कॉलनीत आलं.

आता नियमावली.

नियम दोन: परिसरात फक्त शुद्ध मराठी किंवा इंग्रजी, आणि तीन शेऱ्यांनंतर पालकांना बोलावणार. सुरगाण्याच्या आतल्या पाड्यावरून नाशिकला यायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, वर जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं. पोरगं आईच्या भाषेत बोललं याचा हा दंड. राज्यघटनेचं २९वं कलम प्रत्येक समाजाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतं, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा जमेल तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. कायद्याचं सोडा. सहामाहीत मी एकदा प्रश्न घातला होता, 'पाच पालेभाज्यांची नावे लिहा.' एका मुलीने लिहिलं: चाई, कवळी, तेरा, लोत, शेवळं. मी पाचही खोडली. माझ्या उत्तरात मेथी, पालक, शेपू होतं. तिने लिहिलेली प्रत्येक भाजी तिने स्वतःच्या हाताने खुडलेली होती. कुठल्या भाजीने घसा खाजतो आणि ती कशाबरोबर शिजवली की खाजत नाही, हे तिला माहीत होतं. आता दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरतात आणि त्याच भाज्यांपुढे उभे राहून आम्ही मोबाइलवर फोटो काढतो.

नियम तीन, वर्गात 'उच्चारास सोपी व शोभनीय' नावं वापरणे. याबद्दल वर सांगितलंच आहे. एवढंच जोडते: तो पावसात आलेला मुलगा मला मध्यंतरी पेठच्या गाडीत भेटला. कंडक्टर झालाय. छातीवरच्या पट्टीवर मी दिलेलं नाव. मी तिकीट घेता घेता विचारलं, घरी काय म्हणतात रे तुला? हसून म्हणाला, "बाई, तुमचं नाव पाड्यावर कुणाला माहीतच नाही." त्याची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एकदा न विचारता लिहिलं, तेवढं बास.

नियम चार, 'अंधश्रद्धामूलक उत्सवांसाठी' रजा मिळणार नाही. कंसात बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, आणि डोंगऱ्या देव, म्हणजे डोंगराच्या देवाचा उत्सव. गणपती, नवरात्र यांच्या सुट्ट्या अर्थातच कायम. बोहाडा मी एकदाच पाहिला, तोही दुसऱ्या कामाने गेले होते आणि शेवटची गाडी चुकली म्हणून. संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगं येत होती. भल्या मोठ्या मुखवट्याखाली नाचणारा एक पोरगा पायांवरून ओळखीचा वाटला. मुखवटा उतरवला तर तो माझ्या वर्गातला, ज्याला मी 'मठ्ठ' म्हणत असे. कुठल्या सोंगानंतर कुठलं, कुणाची चाल कशी, कुणाला कुठला ताल, सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि म्हातारी माणसं मध्ये मध्ये त्यालाच विचारत होती. सोमवारी तो पुन्हा शेवटच्या बाकावर, खाली मान घालून. मी पुन्हा त्याला मठ्ठ म्हणाले नाही एवढंच, बाकी काही केलं नाही.

नियम पाच, घरून आणलेलं अन्न, 'विशेषतः नागली व सुकी मासळी', आणू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. गंगापूर रोडला नागलीची बिस्किटं सुंदर डब्यांतून मिळतात. पोरांच्या फडक्यातली भाकर तेवढी नको.

नियम सहा मला आवडला, पण अर्धा. 'आपल्या प्राचीन संस्कृतीचा परिचय' म्हणून त्रिरश्मी लेण्यांची, म्हणजे पांडवलेण्यांची, सहल. जरूर न्या. पण सगळं दाखवा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्राचं, कौतुक करताना ती माता सांगते की त्याने शक, यवन, पल्हवांचा नि:पात केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला. तो वाचून दाखवा आणि मग चार पावलं चालून दहाव्या लेण्यात चला. तिथे शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे शकच, आपलं दान कोरून गेला आहे: भिक्षूंसाठी लेणं, त्यांच्या चीवरांच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेले कार्षापण, ब्राह्मणांना गायी. आणखी पुढे सतराव्या लेण्यात धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. स्वतःला तो योनक म्हणवतो, म्हणजे यवन, उत्तरेकडच्या दात्तामित्रीचा. एकाच डोंगरात ज्यांना मारल्याचा अभिमान आहे त्यांनीच खोदलेली लेणी आहेत आणि दोन्हींवर एकच पाऊस पडतो. यांतला संस्कृत कोण आणि असंस्कृत कोण, ते पोरांना ठरवू द्या. सातवीतल्या त्या मुलीसारखी एखादी असली तर उत्तर ऐकण्यासारखं असेल.

१९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत जयपालसिंग मुंडा बोलायला उभे राहिले. १९२८ च्या ऑलिंपिकमधला आपल्या हॉकी संघाचा हा कप्तान. आम्हाला जंगली म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे, असं ते म्हणाले. आणि पुढे: आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, लोकशाहीच्या रीती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकाव्या लागतील. सभागृहात कायदेपंडितांची रांग बसली होती. आपलं कार्यकारी मंडळ अकरा जणांचं आहे, आणि ज्या मुलांसाठी संस्था चालते त्यांच्या पाड्यांवरचा एकही माणूस त्यात आजवर आलेला नाही. माझ्या नोकरीच्या काळात मीही ते कधी सुचवलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक सोडून कशालाच फारसे पैसे लागत नाहीत.

पहिलं उद्दिष्ट रद्द करावं. दुरुस्त करू नये, रद्द करावं. 'असंस्कृत'च्या जागी 'दुर्गम' घालून भागणार नाही.

बोलीवरचे शेरे आणि पालकांना बोलावणं आजपासून बंद करावं. येत्या जूनपर्यंत वसतिगृहावर कोकणा किंवा वारली बोलणारा एक तरी अधीक्षक नेमावा (पैसे लागतील ते इथे), आणि पहिली ते चौथीच्या शिक्षकांनी मुलांच्या बोलीतले निदान रोजचे शब्द शिकावेत. मुलं आनंदाने शिकवतील, फी मागणार नाहीत.

ज्यांची नावं शाळेने बदलली त्या सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांना ती दुरुस्त करून घ्यायची असतील तर संस्थेने स्वतः कागदपत्रं करून द्यावीत. माझ्या हस्ताक्षरातली रजिस्टरं मी ओळखीन. त्या कामाला मी रोज येऊन बसायला तयार आहे, हवं तर सकाळपासून.

बोहाडा आणि डोंगऱ्या देवाची रजा पूर्ववत करावी. नागलीवरची बंदी उठवावी. आठवड्यातून दोनदा वसतिगृहाच्या ताटात ती वाढली तरी कुणाचं बिघडणार नाही.

कार्यकारी मंडळावर किमान दोन पालक घ्यावेत, आणि त्यातली एक बाई असावी. सभेत बसला तो सभ्य, हा शब्दाचा मूळ अर्थ मी वर दिलाच आहे.

आणि माझं नाव पत्रिकेवरून काढावं. प्रवेशद्वाराजवळच्या आदर्श शिक्षकांच्या फलकावरूनही काढलंत तर मी आभारी राहीन. पत्रिका पुन्हा छापायला खर्च येतो, हे मला माहीत आहे. त्यापायी अडत असेल तर तो मी पेन्शनमधून देते. पावती मात्र नुसत्या नावाची करा, पुढेमागे काही न लावता.

आपली,
संस्थेची एक निवृत्त मराठी शिक्षिका
नाशिक